बाळसे का उतरते?

‘बाळसे’ हा मराठीतला मोठा गोजिरवाणा शब्द आहे. तान्ह्या मुलाच्या गालांवर जी गोलाई चढते, मांड्यांना ज्या वळ्या पडतात, मनगटाशी दोरा बांधल्यासारखी जी रेघ उमटते, त्या सगळ्या ऐश्वर्याला मिळून आपल्या आज्या-पणज्यांनी हे एकच नाव ठेवले. पुढे हा शब्द पाळण्यातून उतरून सभा-संमेलनांत गेला. ‘आपल्या संस्थेने आता चांगले बाळसे धरले आहे,’ असे कोणी ना कोणी अध्यक्ष दरवर्षी सांगत असतात, आणि वर्गात वाक्प्रचार शिकवताना मीही हेच उदाहरण देते. संस्था, बँका, पतपेढ्या, गृहनिर्माण मंडळ्या यांनी आपल्या शहरांत बाळसे धरले, यात शंका नाही. ज्यांच्यासाठी हा शब्द मुळात जन्मला त्या बाळांचे काय झाले, एवढेच आज मला विचारावयाचे आहे.

मी डॉक्टर नव्हे आणि आहारशास्त्रज्ञही नव्हे. मराठीची प्राध्यापिका आहे. परंतु आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या निमित्ताने मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमधून विद्यार्थ्यांबरोबर पुष्कळ हिंडणे झाले. त्या हिंडण्यात जे पाहिले, आणि नंतर अहवाल-पुस्तके चाळून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. फराळाच्या ताटाशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ताटाचाच हा विषय आहे.

मेळघाट एवढा दूर नाही

कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट उभा राहतो. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला, आणि तेव्हापासून डोंगर, जंगल आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता यांच्याशी हा शब्द जो जोडला गेला तो गेलाच. शहरात कुठले आले कुपोषण? इथे कोपऱ्यावर वाण्याचे दुकान, चार पावलांवर वडापावची गाडी, हाकेच्या अंतरावर दवाखाना!

आकडे मात्र निराळे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले खेड्यांत ३७.३, तर शहरांत ३०.१ आढळली. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे रोडावलेली मुले खेड्यांत १९.५ आणि शहरांत १८.५. खेडे आणि शहर यांच्यात इथे अंतर किती, तर अवघे एका टक्क्याचे! आपल्या महाराष्ट्राची स्थिती तर आणखी खाली मान घालावयास लावणारी. रोडावलेल्या मुलांचे प्रमाण देशात १९.३ टक्के असताना आपल्या राज्यात ते २५.६ टक्के निघाले.

शिवाय शहराचा आकडा हा सरासरीचा आकडा असतो. विसाव्या मजल्यावरचे मूल आणि त्याच इमारतीच्या मागल्या भिंतीला टेकलेल्या खोपटातले मूल, दोघांची बेरीज करून दोनाने भागले की जे निघते ते ‘शहर’. मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात गोवंडी, देवनार, मानखुर्द हा भाग असलेला एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. देवनारची कचरापट्टी १९२७ पासून ज्या भागात आहे, तो हाच भाग. चेंबूरच्या चांगल्या वस्तीतून तिथे रिक्षाने जावयास पाव तास पुरतो.

‘कु’ म्हणजे काय?

इथे मला माझ्या विषयाचा थोडा उपयोग झाला. ‘अ’ हा उपसर्ग लागला की अभाव कळतो. ‘कु’ लागला की वाईटपणा कळतो. कुपुत्र म्हणजे पुत्र नसणे नव्हे, कुपथ्य म्हणजे पथ्य नसणे नव्हे. त्याचप्रमाणे कुपोषण म्हणजे उपासमार नव्हे. पोषण चालू आहे, पण ते वाईट आहे, अपुरे आहे, अवेळी आहे. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याने तो विचाराने घडवला.

वस्तीतल्या ज्या ज्या घरी आम्ही गेलो, तिथे चूल पेटत होती. बहुतेक घरांत गॅसची शेगडी होती, फळीवर चकचकीत डबे होते, दूरचित्रवाणी होती. मूल उपाशी आहे असे एकाही आईने म्हटले नाही, आणि ते खरेही होते. तरीसुद्धा माझ्या विद्यार्थिनींनी मुलांच्या दंडाभोवती मोजपट्टी गुंडाळली, की अधूनमधून कोणाचा तरी दंड पट्टीच्या लाल भागात येई. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल अतितीव्र कुपोषित समजतात. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे किती, हे पाहावयाचे असेल तर घरातल्या शिवणाच्या टेपचे तेवढे टोक वळवून त्याचे कडे करून पाहा. आपला अंगठाही त्यात सैल बसतो.

‘आमच्या घराण्यात सगळे बारीकच,’ हे वाक्य अशा वेळी हटकून ऐकू येई. हे वाक्य केवळ वस्तीतले आहे असे समजू नये. शिकल्यासवरल्या घरांतही ते मोठ्या अभिमानाने बोलले जाते. परंतु त्याचा निकाल लागून बरीच वर्षे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीची जी नवी कोष्टके काढली, ती सहा देशांतल्या मुलांची मापे घेऊन काढलेली आहेत : ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुले दिल्लीची होती. अंगावर पाजलेली, वेळेवर खाऊ घातलेली, स्वच्छ घरात वाढलेली ही सहा देशांची मुले पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढली. लहानपणी खुजे राहणे हे आपल्या रक्तात लिहिलेले नाही. मग ते कुठे लिहिलेले आहे?

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

पहिले कारण मूल जन्मण्यापूर्वीचे आहे. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेले मूल कमी वजनाचे समजतात, आणि पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणाप्रमाणे वजन झालेल्या दर शंभर नवजात मुलांत सुमारे अठरा मुले तशी होती. त्याच पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण या ठिकाणी अक्षरशः खरी आहे.

भारतात धान्य आफ्रिकेपेक्षा कमी नव्हते, दवाखाने कमी नव्हते, तरी मुले तिथल्यापेक्षा अधिक रोडकी का, हा प्रश्न १९९६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘आशियाई कोडे’ म्हणून मांडला. त्यांच्या उत्तरातला मुख्य भाग स्त्रीच्या घरातल्या स्थानाविषयी होता. ती शेवटी जेवते, तळाचे जेवते, गरोदरपणी अंगावर पुरेसे मांस चढू न देता राबते, आणि मग तिचे मूल लहान जन्मते. या वाक्यासाठी झोपडपट्टीत जाण्याचे कारण नाही. ‘तू बस ना जेवायला,’ असे म्हणून सगळ्यांनी हात धुवावेत आणि तिने उरलेल्या भाजीशी पोळी संपवावी, हे दृश्य पाहण्यासाठी कुठल्याही मजल्यावरचे कुठलेही दार चालेल.

सहा महिन्यांचा हिशेब

दुसरे कारण पहिल्या सहा महिन्यांतले. या काळात मुलाला आईचे दूध आणि फक्त आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. पण आपल्याकडे मधाचे बोट, गुटी, पाण्याचा चमचा, ग्राइप वॉटर यांची रांग बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभीच असते. तान्ह्याचे पोट ते केवढे! त्यात एक चमचा पाणी गेले की एक चमचा दूध बाहेर राहिले, आणि पाण्याबरोबर जंतू आत गेले ते वेगळेच. निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेली सहा महिन्यांखालची मुले २०१९-२१ मध्ये खेड्यांत ६५.१ टक्के, तर शहरांत ५९.६ टक्के होती. या एका बाबतीत तरी खेड्याने शहराला मागे टाकले.

त्याचे कारण शहराच्या कामात आहे. शेतावरची बाई मुलाला झाडाखाली झोळीत ठेवते आणि दर दोन तासांनी जवळ घेते. शहरात चार घरची धुणीभांडी करणारी बाई मुलाला कुठे ठेवील? आपल्या दिवाणखान्यात? नोकरदार स्त्रीसाठी १९६१ साली प्रसूती रजेचा कायदा झाला आणि २०१७ सालच्या दुरुस्तीने ती रजा पगारी २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने; कायदा करणाऱ्यांनी हिशेब नेमका धरला. परंतु हा कायदा कारखाने, कार्यालये, दुकाने यांच्यासाठी. तुमच्या-आमच्या घरी भांडी घासायला येणारी बाई त्यात बसत नाही. तिची प्रसूती रजा किती दिवसांची, हे आपण ठरवतो. आणि पुष्कळदा ती इतकी असते, की रजेवर गेलेल्या बाईच्या जागी दुसरी ठेवून आपण मोकळे होतो.

मग मूल शेजारणीकडे राहते आणि शेजारीण बाटली देते. डब्यातली भुकटी महाग, म्हणून ती जास्त पाण्यात कालवायची. बाटली उकळायला इंधन महाग, म्हणून ती नुसती विसळायची. या बाटलीची कथा जुनी आहे. सिसिली विल्यम्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूरमध्ये एका भाषणात ‘दूध आणि खून’ असे दोन शब्द शेजारी ठेवले होते. बाटलीच्या दुधाच्या भुलवणाऱ्या जाहिरातींना त्यांनी सरळ सरळ हत्येच्या पंक्तीला बसवले. आपल्याकडे १९९२ साली यावर कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक होऊन दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तयार आहाराच्या जाहिरातींना बंदी आली. जाहिरात थांबवता येते. आईची गरज कशी थांबवणार?

वरणाचे पाणी आणि पाच रुपयांची पुडी

तिसरे कारण सहा महिन्यांनंतरचे, आणि माझ्या मते सर्वांत कमी लक्षात येणारे. आपल्याकडे उष्टावण थाटात होते. चांदीची वाटी, आजोबांची मांडी, छायाचित्रे. त्यानंतर मात्र मुलाला दिवसातून काय, किती वेळा आणि किती घट्ट द्यावयाचे, हे कोणी सांगत नाही. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा विविधतेचा आहार मिळणारी मुले देशात शंभरात अवघी अकरा, असे त्याच सर्वेक्षणाने सांगितले. याचा अर्थ कुपोषण हे केवळ गरिबाच्या घरचे नाही. शंभरात एकोणनव्वद मुलांत पुष्कळ मुले तुमच्या-आमच्या घरची असलीच पाहिजेत.

हिशेब साधा आहे. सहा-सात महिन्यांच्या मुलाच्या पोटात एका वेळी दोनशे मिलिलिटरच्या आसपास मावते. आईच्या दुधाखेरीज त्याला सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि त्यानंतर दुसरा वाढदिवस होईपर्यंत ५५०. एवढ्याशा पोटात एवढे उष्मांक बसवायचे, तर अन्न घट्ट हवे. आपण काय देतो? वरणाचे पाणी, भाताची पेज, डाळीचे वरचे सार. ‘हलके असते, पचते.’ पोट भरते, मूल शांत होते आणि आईचे समाधान होते. पण आत गेले ते बहुतेक पाणीच. तेच वरण तळापासून ढवळून भातात कालवले, बोटाने मऊ कुस्करले आणि वर चमचाभर तेल किंवा तूप घातले, तर त्या एका चमच्यातच सुमारे ४५ उष्मांक येतात. अंडे, केळे, नाचणीचे सत्त्व, दाण्याचे कूट, शिजवून कुस्करलेला भोपळा, मासा खाणाऱ्या घरी काटे काढलेला मासा : यांतले काही एक परदेशी नाही आणि बाजारातल्या डब्यांपेक्षा महागही नाही.

मग आया हे का करीत नाहीत? कारण हे करायला वेळ लागतो. लहान मुलाला भरवणे हे अर्ध्या तासाचे काम, आणि ते दिवसातून तीन-चार वेळा. वस्तीतल्या बाईजवळ चाळीस रुपये कदाचित निघतील, पण चार वेळा अर्धा तास निघणार नाही. तिथे पाच रुपयांची पुडी तिच्या मदतीला येते. ती वाण्याच्या दारात माळेसारखी लटकत असते, शिजवावी लागत नाही, सांडत नाही, आणि रडणारे मूल तात्काळ गप्प होते. दुपारी चहात बुडवलेले बिस्कीट, संध्याकाळी पुडी, रात्री मूल न जेवता झोपते. ‘याला भूकच नाही हो,’ असे आई सांगते. भूक असेल कशी? मीठ, साखर आणि तेल यांनी ती केव्हाच मारलेली असते. चहाचा आणखी एक गुण असा, की जेवणातल्या लोहाला तो अंगी लागू देत नाही.

गळके पोट

चौथे कारण पाण्याचे. मूल जे खाते ते टिकले तर पाहिजे! गल्लीतल्या गटारावरून गेलेल्या नळ्या, ड्रमात साठवलेले पाणी, पन्नास घरांमागे एक संडास आणि त्याच गल्लीत रांगणारे मूल. पुन्हा पुन्हा पातळ शौचास होऊन आतड्याचे आतले अस्तरच झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागेनासे होते. दरेक आजारात मुलाची भूक जाते, त्याच वेळी ‘पोटाला विश्रांती’ म्हणून खाणे बंद केले जाते, आणि मूल सावरते न सावरते तोच पुढचा आजार दारात उभा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मीठ-साखर-पाण्याने हगवणीतले प्राण वाचतात, हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दाखवून दिले. प्राण वाचणे ही मोठी गोष्ट झाली. परंतु वाढ भरून निघण्यासाठी आजारात आणि आजारानंतर अधिक खाऊ घालावे लागते.

पाणी ही वस्ती अधिकृत की अनधिकृत यावर अवलंबून ठेवण्याची गोष्ट नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये एका निकालात सांगितले. पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरी नळजोडाची कागदपत्रे जमेपर्यंत कॅन विकत घेणे चालूच राहते, आणि विकतचे पाणी हात धुण्यावर कोण खर्च करील?

अंगणवाडी आणि अंगण

सरकार काही करीत नाही काय? करते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यांत शहरी प्रकल्प केवळ चार होते. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. अंगणवाडी या कल्पनेमागे आपल्या ताराबाई मोडकांचे कार्य आहे, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेऊ या, असा तो विचार.

पण शहराच्या वस्तीत अंगणच नाही! अंगणवाडी भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत भरते. घरमालक खोली केव्हा परत मागेल याचा नेम नसतो. तीन ते सहा वर्षांची मुले तिथे येऊन बसतात आणि खातात. ज्यांचे बाळसे उतरण्याचे खरे वय असते ती दोन वर्षांखालची मुले घरीच असतात. त्यांच्यासाठी शिधा घरी जातो आणि घरात तो सगळ्यांच्या ताटांत वाटला जातो. गावाहून आलेले कुटुंब चार महिन्यांत खोली बदलते, आणि ताईंच्या वहीत नाव लागेपर्यंत ते पुढच्या वस्तीत पोचलेले असते. खेड्यात आशाताई २००५ सालापासून दारोदार जाऊ लागल्या. शहरासाठी आरोग्य अभियान निघावयास २०१३ साल उजाडले.

एका मुलीची गोष्ट

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या लेकीला मुलगी झाली. लेक एका इमारतीत झाडलोट करी. दोन महिन्यांनी ती कामावर परतली, कारण जागा दुसरीला जाणार होती. मूल शेजारणीकडे, बाटली सोबत. मूल दहा महिन्यांचे असताना मावशी एकदा तिला आमच्याकडे घेऊन आल्या. डोळे मोठाले, डोके मोठे, आणि बाकी सगळे जणू पुढच्या खेपेला आणावयाचे राहून गेलेले. मी म्हटले, “मावशी, हिचं वजन केलंत का?”

“ताई, खेळती ना ती. रडत बी नाही.”

न रडणे ही काळजीची खूण असते. अतिशय रोडावलेले मूल रडण्यावरही शक्ती खर्च करीत नाही. दवाखान्यात काट्यावर ते साडेपाच किलो भरले. त्या वयाच्या मुलीचे वजन साधारण साडेआठ किलो असावयास हवे. पुढे तीन आठवडे रुग्णालय, मग दर आठवड्याला तपासणी. लेकीचे काम सुटले ते सुटलेच. मावशी अधिक घरे धरून दोन वेळची भाकरी चालवीत राहिल्या. मुलगी वाचली. वजन भरले, गाल भरले, मावशींनी पेढेही आणून दिले. आज ती सहा वर्षांची आहे, पालिकेच्या शाळेत जाते, बडबड तर अशी करते की ऐकत राहावे. फक्त प्रार्थनेच्या रांगेत तिला सर्वांत पुढे उभी करतात. उतरलेले वजन परत चढते. पहिल्या दोन वर्षांत हुकलेली उंची सहसा परत मिळत नाही. आणि मेंदूची बहुतांश वाढ त्याच दोन वर्षांत व्हावयाची असते. त्या मुलीचे आणखी काय काय हुकले, ते कोणत्याही पट्टीने मोजता येणार नाही.

या एका गोष्टीत वरची सगळी कारणे एकामागून एक येऊन गेली. आईचे रक्त कमी होते, रजा नव्हती, बाटली होती, पाणी विकतचे होते, अंगणवाडीच्या वहीत नाव नव्हते. यांपैकी एकच दोष असता तर मूल तरले असते. शहरातले कुपोषण असे हप्त्याहप्त्याने येते.

आपण काय करावे?

डबे, भुकट्या, ‘प्रथिनयुक्त’ पेये यांवर माझा विश्वास नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत सारे जग मुलांना प्रथिने कमी पडतात म्हणून ओरडत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुलांचा आहार मोजून सांगितले, की मुळात अन्नच कमी पडते. घरचे साधे अन्न पोटभर मिळाले तर प्रथिनांची तूट बहुतांशी आपोआप भरते. हे सत्य ज्या मुलाला दुधात भुकटी टाकल्याशिवाय चालत नाही त्याच्या आईनेही ध्यानात ठेवावे.

पाळणाघर ही मात्र खरी गरज आहे. दिल्लीत बांधकामावरच्या मजूर स्त्रियांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी १९६९ साली तिथेच पाळणाघर सुरू केले, आणि ‘मोबाइल क्रेश’ या नावाने ते काम वाढत गेले. मूल जिथे आईचे काम तिथे, ही साधी गोष्ट शंभर सदनिकांच्या एखाद्या सोसायटीला अशक्य नाही. आपल्या आवारात वाहनांसाठी जागा निघते, व्यायामशाळेसाठी निघते. तिथे कामाला येणाऱ्या पंधरा-वीस बायकांच्या मुलांसाठी एक खोली, एक सांभाळणारी बाई, एक वजनकाटा आणि दुपारी गरम मऊ खिचडी. वर्गणी प्रत्येक घरामागे किती पडेल, याचा हिशेब सोसायटीच्या चिटणिसांनी एकदा करून पाहावा. ती रक्कम दिवाळीच्या रोषणाईपेक्षा फार मोठी निघेल असे मला वाटत नाही.

आणि तेवढे जमेपर्यंत एक गोष्ट प्रत्येक घराला करता येईल. आपल्याकडे कामाला येणारी स्त्री गरोदर असेल, तर बाळंतपणाची रजा पगारासह द्यावी आणि तिची जागा तिच्यासाठी ठेवावी. दोन-तीन घरे मिळून हा खर्च वाटून घेता येतो. आमच्या मजल्यावर आम्ही तो घेतला आहे. पदरात लहान मूल असेल तर दुपारी त्याला जवळ घ्यायला तिला तासभर मोकळे सोडावे. ‘मूल कसे आहे?’ असे आपण विचारतोच. त्यापुढे ‘वजन किती भरले?’ हा आणखी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकण्यासाठी थांबावे. या दिवाळीला बोनस, साडी आणि फराळाचा डबा देताना ही विचारपूस सुरू करावयास हरकत नाही.